गाडी येते, पण कुणाच्या वेळेला? बसचं वेळापत्रक आखणाऱ्या साहेबांना खुले पत्र

माननीय साहेब,
स. न. वि. वि.

हे पत्र मंत्र्यांना नाही, आमदारांनाही नाही. त्यांना निवेदनं देऊन झाली, हार घालून झाले, फोटो पेपरात आले. डेपोतल्या टेबलाशी बसून कुठली गाडी किती वाजता सोडायची हे जो माणूस ठरवतो, त्याच्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही कर्नाटकाचे असा की महाराष्ट्राचे, दोघांनाही ते लागू आहे. आमच्या पट्ट्यात दोन्हीकडच्या गाड्या फिरतात, पण त्यांच्या वेळा आखणारे कधी एका टेबलावर बसले असतील असं त्या वेळांकडे बघून तरी वाटत नाही.

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या अलीकडे एका फाट्यावर माझं किराणा दुकान आहे. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. स्टॉप दुकानासमोरच, त्यामुळे "मामी, गाडी गेली काय ओ?" याला उत्तर देणं हे माझं बिनपगारी काम होऊन बसलंय. फोन करूनही विचारतात. आतल्या गावातून फाट्यापर्यंत चालत यायचं, आणि इथं आल्यावर कळायचं की गाडी आज लवकर गेली किंवा आलीच नाही, त्यापेक्षा मामीला फोन केलेला बरा. या दुकानातून जे दिसतं तेवढंच लिहिते.

मागणी आधी सांगते, म्हणजे पत्र अर्धं वाचून बाजूला ठेवलंत तरी चालेल. नव्या गाड्या मागत नाही. आहेत त्याच गाड्या आमच्या वेळेला सोडा, आणि हद्दीवर एकीला दुसरी जोडून द्या.

गावच्या फेऱ्या कशा बसवल्या जातात ते मला एका रिटायर कंडक्टरनं समजावून सांगितलंय. ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युटीचे तास आधी, लांबच्या गाड्या त्यानंतर, मग शहरातल्या फेऱ्या, आणि उरलेल्या वेळात आम्ही. दोन मोठ्या फेऱ्यांच्या मध्ये तास-दीड तास मोकळा सापडला की त्यात एक खेडं बसवायचं. हिशोबाला ते बरोबर असेल. पण त्यामुळे गाडी डेपोतून निघते डेपोच्या वेळेला, आमच्याकडे पोचते तेव्हा कॉलेजचा पहिला तास सुरू झालेला असतो, आणि संध्याकाळची शेवटची फेरी सीबीटीतून, म्हणजे बेळगावच्या मुख्य बस स्टँडवरून, सुटते तेव्हा कारखान्याचा भोंगा व्हायचा असतो.

दहावी झालेल्या मुली निकाल लागला की दुकानावर पेढे घेऊन येतात. विचारते, काय घेणार? गेल्या काही वर्षांत एक उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता मी पुढचं विचारत नाही. "सायन्स घ्यायचं होतं, पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत गाडी जाते." मार्क आहेत, डोकं आहे, घरच्यांची ना नाही. फक्त प्रयोगशाळा पाचला सुटते आणि गाडी त्याच्या आधी. मुलगा असला तर बाप कर्ज काढून बाईक घेऊन देतो. मुलीला आर्ट्सला घालतात. ही पोर बारावीत काय शिकणार ते शाळेनं ठरवलं नाही, बापानं ठरवलं नाही. तुमच्या टेबलावर ठरलं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

पूर्वी वस्तीची गाडी असायची. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावातच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी गाव घेऊन निघायची. दूधवाले, भाजीवाल्या बायका, उद्यमबागेतल्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारी पोरं, सगळ्यांची सोय एका गाडीत व्हायची. शिवाय रात्री उशिरा शहरातून परतणाऱ्याला ठाऊक असायचं की आपल्याकडे जाणारी एक गाडी अजून आहे. एकेका गावातून ही गाडी बंद होत गेली. कारण विचारलं तर उत्तर येतं, स्टाफला राहायची सोय नाही.

इथं मी तुमच्या बाजूनं बोलते. ते कारण खोटं नाही. दिवसभर स्टिअरिंग धरलेल्या माणसानं डासांत, सतरंजीवर झोपायचं, पहाटे उघड्यावर जायचं आणि पुन्हा साठ-सत्तर माणसं घेऊन निघायचं, हे आपल्या घरच्या माणसाला आपण करू दिलं नसतं. पंचायतींनी याकडे लक्ष दिलेलं नाही. प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसे निघतात, दोन कॉट, पंखा आणि संडास असलेल्या खोलीला निघत नाहीत. तेव्हा सौदा सरळ ठेवा. ज्या गावात खोली, पाणी आणि संडास, तिथं वस्तीची गाडी. एवढं लिहून एक पत्र प्रत्येक पंचायतीला पाठवा आणि बघा किती खोल्या उभ्या राहतात ते. गावागावात चढाओढ लावायला आम्हाला फारसं लागत नाही.

आता हद्दीकडे येते.

बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. हा रस्ता दोन्ही राज्यांच्या आधीचा आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरलेला माल आंबोलीचा घाट चढून याच वाटेनं बेळगावला यायचा. आजही चंदगडच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर शंभरावर किलोमीटर पडतं, म्हणून दवाखाना, बियाणं, लग्नाचा बस्ता, सगळ्याला तो बेळगावात येतो. आमच्याकडची पोरं शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, बायका चंदगडकडच्या काजूच्या कारखान्यांत. सोयरीक तर विचारूच नका. माझी धाकटी नणंद पलीकडे दिलीय, आणि तिची जाऊ आमच्या अलीकडच्या गावची.

आता ही नणंद माहेरी येते कशी, ते बघा. महाराष्ट्राच्या गाडीत बसली तर 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. पुढच्या टप्प्याला पूर्ण. हद्दीवर उतरून कर्नाटकाच्या गाडीत बसली, तर तिथं 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना प्रवास मोफत, पण आधारवर कर्नाटकाचा पत्ता पाहिजे, आणि तिच्या आधारवर सासरचा. म्हणजे जन्मली ज्या गावात, त्या गावाला जायला तिलाच पूर्ण पैसे. माझं उलट. मी बाचीपर्यंत शून्य रुपयाचं तिकीट घेऊन राणीसारखी जाते आणि पुढं पाकीट उघडते. आता मी महाराष्ट्राच्या गाडीत बसले तर त्यांच्या हद्दीत मलाही अर्धंच तिकीट पडतं, पण ती गाडी माझ्या स्टॉपला थांबली तर. लांब पल्ल्याची म्हणून बहुतेक वेळा हात दाखवला तरी पुढं निघून जाते.

सवलती कुणी कुणाला द्यायच्या हा सरकारांचा विषय, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं वेळेचं आहे. एका राज्याच्या गाडीनं दुसऱ्या राज्यात किती फेऱ्या करायच्या याला करार लागतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 88 खाली तो दोन सरकारांत व्हावा लागतो, राजपत्रात यावा लागतो, हे मला माहीत आहे. होईल तेव्हा होवो. पण तुमची गाडी तुमच्या हद्दीत बाचीला किती वाजता येते आणि त्यांची शिनोळीतून किती वाजता सुटते, हे जुळवायला कुठल्या कलमाची अडचण आहे? एक फोन लागतो. आज होतं असं की इकडची गाडी रिकामी होऊन परत वळते आणि पलीकडची नुकतीच निघून गेलेली असते. उतरलेली माणसं ऊन-पावसात उभी. मग वडाप, म्हणजे खासगी जीप. आठ माणसांच्या गाडीत चौदा, त्यातले तीन मागच्या फळीवर. रिक्षावाल्याला पलीकडचं परमिट नाही, तो हद्दीवर सोडतो. गुडघे दुखणारी म्हातारी एका बेळगावच्या फेरीत तीन वाहनं बदलते, आणि डॉक्टर विचारतात, आजी, इतक्या उशिरा का आलात?

शक्ती योजनेबद्दल एक गोष्ट बोलून टाकते, कारण पुरुष मंडळी स्टॉपवर उभी राहून बायकांना टोमणे मारतात. "फुकट आहे म्हणून हिंडतात." हिंडतात, बरं करतात. माझ्या दुकानात येणारी एक बाई, नवऱ्याकडे वीस-तीस रुपये मागायचे म्हणून कित्येक वर्षं डोळे दाखवायला गेली नव्हती. आता जाऊन आली, ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवते. गर्दी वाढली हे खरं, पण त्याचा दोष बाईचा कसा? प्रवासी वाढणार हे योजना आणणाऱ्यांना माहीत होतं. शून्याच्या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला भरून देणार, हेही ठरलेलं होतं. मग सकाळच्या त्या एका फेरीच्या मागे दुसरी का लागली नाही? दप्तर पाठीला लावलेली पोरं दारात लोंबकळतात आणि कंडक्टर त्यांच्यावर खेकसतो. तोही बिचारा काय करणार.

पाट्यांचंही सांगायचं आहे, आणि ते जपून सांगते, कारण आमच्याकडे पाटी म्हटलं की लोक बाह्या सरसावतात. आमच्या गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. माझी पोरगी शाळेत कन्नड शिकली, ती वाचते. माझ्या सासूबाईंना येत नाही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात हे केंद्रानं फार पूर्वीच मान्य केलंय, आणि खानापूर तालुक्यात किंवा बेळगावच्या पश्चिम भागात आम्ही किती आहोत ते तुम्हाला माहीत आहे. तो हक्क आम्ही सोडलेला नाही. पण तो वाद कोर्टात आणि रस्त्यावर चालू राहील, तोवर म्हातारीनं चुकीच्या गाडीत बसायचं का? प्रत्येक मार्गाला एक नंबर द्या. मोठा, काचेवर, रात्री दिसेल असा. शहरातल्या गाड्यांना देता तसा. आकडा कळायला कुणालाच भाषा लागत नाही, आणि त्यावर मोर्चा काढायला कुणी येणार नाही.

मोर्च्यावरून आठवलं. 2022 च्या डिसेंबरात सीमेवरून वातावरण तापलं, हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि गाड्या थांबल्या. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका कंडक्टरला मारहाण झाली, पुन्हा काही दिवस दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर येऊन परत. त्या कंडक्टरला मारलं ते वाईटच झालं. चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं तेही तितकंच वाईट. पण गाडी बंद झाल्यावर अडकतं कोण? ज्यानं दगड मारला त्याच्याकडे स्वतःची मोटरसायकल असते. निपाणीकडे हायवेवर लोक कोगनोळीला उतरून बॅगा डोक्यावर घेऊन हद्द ओलांडतात, ते निदान टीव्हीवर दिसतं. शिनोळीला कॅमेरा येत नाही. तिथं डायलिसिसला निघालेला माणूस असतो, दुसऱ्या दिवशी पेपर असलेली पोर असते. दुकानातला माझा फोन त्या दिवसांत वाजायचा थांबत नाही, आणि मला उत्तर माहीत नसतं, कारण गाडी सुटणार की नाही हे तुम्ही कुणालाच कळवत नाही. बंद ठेवायचीच असेल तर आदल्या रात्री कळवा. आणि हद्दीपर्यंतच्या गावच्या फेऱ्या अशा दिवशी कशाला बंद करायच्या? दंगा शहरात, शिक्षा खेड्याला.

माहेरच्या भागाचं लिहायला घेतलं तर हात थांबत नाही, तरी थोडक्यात लिहायचा प्रयत्न करते.

जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंत आणि खाली हेमाडगा, नेरसा, गवाळी या बाजूला पाऊस कसा पडतो ते बघायला एकदा जुलैत या. मलप्रभा उगमालाच अंगावर येते. मोठ्या रस्त्यानं चोर्ल्याच्या गाड्या जातात, तिथं तर तीन राज्यांच्या फिरतात, पण गोव्याकडे पळणारी गाडी लहान स्टॉपला थांबेल याची खात्री नाही. रस्ता सोडून आत गेलं की गाडीचा विषयच संपतो. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं आणि त्यातली गावं अर्धी माणसांची, अर्धी कायद्याची झाली. डांबर घालायचं तर वन खात्याची परवानगी, ओढ्यावर साकव बांधायचा तरी परवानगी.

2024 च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडावर बांधून, खांद्यावर घेऊन, भर पावसात जंगलातून चालत चिखलेपर्यंत आणलं. तिथं अँब्युलन्स उभी होती. सगळ्यांनी बातम्यांत बघितलं, तुम्हीही बघितलं असेल. त्या वाटेची मला लहानपणापासून ओळख आहे. खांदेकरी चौघे एका वेळी, बदली चौघे मागून, एक पुढं कोयता घेऊन, आणि ओढ्याला पाणी असलं की सगळे थांबून एकमेकांकडे बघतात. मागून चालणाऱ्या बायकांना ती आजाऱ्याची चाल आहे की दुसरी कसली, हे मनात आणायचं नसतं.

त्यानंतर अधिकारी आले, मंत्री आले, आणि उत्तर निघालं ते गाव हलवायचं. कुटुंबामागे 15 लाख. तळेवाडीची माणसं 2025 मध्ये पैसे घेऊन बाहेर पडायला तयार झाली. कुणी जात असेल तर मी अडवणारी कोण? तरुण पोरांना तिथं राहायचं नाही, तेही समजतं. पण क्रम बघा. आधी रस्ता दिला नाही, मग गाडी दिली नाही, मग शाळेत मास्तर टिकेना, आणि शेवटी विचारलं, इथं राहता तरी कशाला? ज्यांना राहायचं आहे, आणि अजून पुष्कळांना राहायचं आहे, त्यांचं काय?

रस्ता तुमच्या हातात नाही, मान्य. पण रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत गाडी आणणं तुमच्या हातात आहे. चिखलेपर्यंत, नेरशापर्यंत, जिथं डांबर संपतं तिथपर्यंत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ठरलेल्या वेळेला, पावसाळ्यातही. चार-पाच किलोमीटर चालून येणारी माणसं चालतील, त्यांना सवय आहे. फक्त चालून आल्यावर तिथं गाडी असू द्या. मोठी गाडी वळत नसेल तर लहान पाठवा. खासगी टेम्पो ज्या वाटेनं रोज तीन-तीन फेऱ्या मारतो, ती वाट गाडीयोग्य नाही असं कागदावर लिहून पाठवू नका, एवढंच.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांचं त्यांनी लिहावं. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी वाढलं की जत्राट–भिवशी, कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड हे बुटके पूल दरवर्षी पाण्याखाली जातात आणि समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जावं लागतं. हे दरवर्षीचं आहे, तर त्या दिवसांसाठी वळशाच्या मार्गाचं वेगळं वेळापत्रक दरवर्षी जूनमध्येच का लावत नाही, एवढा प्रश्न त्यांच्या वतीनं विचारून ठेवते.

महाराष्ट्राच्या साहेबांना एक वेगळं सांगणं. तुमच्या सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, त्याबद्दल आभार. कार्ड झालं तर ते दवाखान्यात घेऊन जायला गाडी लागते. तुमच्या भाषणात आम्ही बांधव असतो, तुमच्या वेळापत्रकात आम्ही "राज्याबाहेर" असतो. चंदगडहून बेळगावला येणाऱ्या तुमच्या गाड्यांना बाची, तुरमुरी, उचगाव, सुळगा इथं थांबा द्या, त्यासाठी सभा घ्यावी लागत नाही.

तर साहेब, एकदा भेटा. दोन्हीकडचे, एका टेबलावर. बाचीला नको असेल तर शिनोळीला, शिनोळीला नको तर मधल्या ढाब्यावर, चहा माझ्याकडून. येताना दोन्हीकडची वेळापत्रकं आणा, आणि तीन गोष्टींच्या वेळा आधी लिहून घ्या: कॉलेज कधी भरतं-सुटतं, कारखान्याची पाळी कधी बदलते, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची खिडकी कधी बंद होते. या तीन वेळा मध्ये ठेवून गाड्या भोवती बसवा. आजवर उलटं केलंय. फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तरी चालतील, डिझेल तेवढंच जाईल.

उत्तर पाठवायचं तर कन्नडमध्ये पाठवा, मुलगी वाचून दाखवेल. मराठीत पाठवलंत तर मी दुकानाबाहेर चिकटवेन. पण मे महिना संपायच्या आत पाठवा. अकरावीचे फॉर्म तेव्हा भरतात, आणि आमच्या फाट्यावरच्या दोन पोरींनी सायन्सचा फॉर्म आणून ठेवलाय, अजून भरलेला नाही.

आपली,
फाट्यावरची एक दुकानदार
बेळगाव तालुका, पश्चिम भाग